तेरा नंबर आणि आमचे ढ काका

अख्ख्या मुलुंडमध्ये आमच्या समोरच्या काकांइतका सावकाश माणूस नाही, आणि असलाच तर काकांनी त्यालाही आधी पुढे जाऊ दिलं असेल. काका जन्मभर छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ रचायची. छापखाना बंद पडला, चिमटी काही सुटली नाही. भेंडी घ्यायला गेले की प्रत्येक भेंडीचं शेपूट मोडून बघणार. तेवढ्यात भाजीवाली काकांनाच गाळ्यावर बसवून चहा पिऊन यायची. माझ्या लग्नपत्रिकेत त्यांना एक चूक सापडली. दोनशे पत्रिका घरी नेल्या आणि एकेक पेनाने सुधारत बसले. लग्न दोन दिवसांवर आलं तरी निम्म्या त्यांच्याकडेच! पाहुणे कमी आले, पण आले ते शुद्ध पत्रिका घेऊन आले.

पाठीमागे सगळी बिल्डिंग त्यांना 'ढ' म्हणायची. तोंडावर म्हणालो मी एकटाच, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

झालं असं, की बिल्डिंगच्या पुनर्विकासाचा करार आला. शंभरावर पानं. सगळ्यांनी दोन दिवसांत सह्या ठोकल्या. मी तर फोनवर बोलता बोलता, सेक्रेटरीने बोट ठेवलं तिथे. काका तिसऱ्या आठवड्यातही वाचतच होते, तेसुद्धा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. "सुलटं वाचलं की अर्थ लागतो रे, आणि अर्थ लागला की डोळा घसरतो," हे त्यांचं छापखान्यातलं शास्त्र. इकडे बिल्डर दुसरी बिल्डिंग बघतोय अशी बातमी आली आणि माझं डोकं फिरलं. माझ्या आईची शेवटची वर्षं त्या गळक्या छताखाली, बादल्या सरकवण्यात गेली होती. मी तडक काकांच्या दारात.

"काका, वाट लावलीत तुम्ही सगळ्यांची! अगदी ढ आहात!"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ढ का म्हणतात, माहितीये?"

"काका, सही!"

"ऐक तरी. ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरं बदलत बदलत पुढे गेली. ढ आपला होता तस्सा. वरच्या वर्गात गेलाच नाही. म्हणून मठ्ठ पोराला ढ म्हणतात, असं आमचे फोरमन सांगायचे. खरंखोटं तेच जाणोत. पण मी म्हणतो, इतक्या वर्षांपूर्वीचा दगड वाचायला गेलास तर ओळखीचा भेटेल तो हाच ना?"

"काका, प्लीज!"

"वायच दम धर. तुझा नंबर किती?"

"तेरा."

"मग ही घरांची यादी वाच."

बारा होता. त्याच्या खाली चौदा. तेरा कुठेच नव्हता. माझं घर करारातच नव्हतं, आणि खाली माझी स्वतःची सही होती! मी यादी पुन्हा बोट ठेवून वाचली.

"टायपिंगमध्ये गळलं असेल," काका म्हणाले. "होतं असं. मला सकाळीच सापडलं. तुला सांगायलाच निघालो होतो, पण चप्पल मिळेना."

दुरुस्त करार आला तेव्हा काका पुन्हा शेवटच्या शब्दापासून बसले. या वेळी कुणी हूं की चूं केलं नाही. रोज संध्याकाळी मी चहा घेऊन जायचो आणि शेजारी बसायचो.

बिल्डिंग पाडली तेव्हा काका कुडाळला पुतणीकडे गेले. गेल्या आठवड्यात मला नव्या घराची किल्ली मिळाली. दारावर तेरा. आईचा फोटो लावला आणि पहिला मेसेज काकांना केला: "घर मिळालं, काका. तुमच्यामुळे. समोर तुमच्या दाराला कुलूप आहे, ते बघवत नाही. कधी येताय?"

आठ दिवस झाले, उत्तर नाही. त्यांचं वय झालंय, माझ्या मनात नको ते येतं. पण आज सकाळपासून तीनदा त्यांच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसलं आणि गेलं. एकेक अक्षर चिमटीत धरत असणार.

सावकाश होऊ दे, काका. मी थांबलोय.