दिगूकाका महाराज नव्हते

दिगूकाका काल गेले आणि दिवसाभरात गावानं त्यांना देव करायला घेतलं.

राजूरच्या स्मशानात राख अजून गरम होती. एक पुढारी म्हणाले, इथं छोटीशी समाधी बांधू, वर पत्रा टाकू. पत्र्यावर नाव कुणाचं लिहायचं तेही ठरलं होतं.
पुढाऱ्यांचं.

मी नको म्हणालो. भाऊबंद रागावले. म्हणून हे लिहितोय.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. नव्वदी ओलांडलेले. लग्न नाही, मूलबाळ नाही. अर्धं गाव त्यांना 'महाराज' म्हणून हाक मारायचं. त्यांनी कधी ओ दिली नाही.

छप्पन्न साली काका हैदराबादेत सरकारी कारकून होते. वय बावीस-तेवीस. राज्य मोडलं, मराठवाडा मुंबईला जोडला गेला आणि साहेबांनी सांगितलं, तुमची ट्रान्सफर मुंबईला.

काकांनी राजीनामा दिला आणि राजूरला शेतावर आले.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. आजोबांनी आधी विचारलं, काही भानगड झाली का. मग तब्येत विचारली. मग वैद्य बोलावला.

काकांचं म्हणणं एवढंच, की मला पळायचं नाही. सकाळी शेतात राबेन. दुपारी बैल बसले की मीही बसेन.

आज याला स्लो लिव्हिंग म्हणतात आणि त्याचे रील्स निघतात.
तेव्हा 'वाया गेला' म्हणायचे.

पण हे सगळं काकांनी एकट्यासाठी ठरवलेलं नव्हतं.

धावड्याच्या गोदावरीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. बघायच्या कार्यक्रमात सगळ्यांनी तिला स्वयंपाक विचारला, शिवण विचारलं. काकांनी विचारलं, पाण्याला किती लांब जावं लागतं?

ती म्हणाली, "लांब हाय. पण मी येताना बसते मधी. झाडाखाली."

बाया हसल्या. काका नाही हसले.
"तवाच ठरवलं," ते मला सांगत होते, "हिच्यासंगं बसायचं."

नोकरी सोडल्याचं तिच्या वडिलांनी चालवून घेतलं. घरचं शेत होतं, मुलगा निर्व्यसनी होता.
घोळ निर्व्यसनीपणानंच केला.

आमच्याकडे माणूस बसतो, पण कशासाठी तरी बसतो. तंबाखूसाठी, पत्त्यांसाठी, दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढण्यासाठी.
काका लिंबाखाली नुसते बसायचे. तंबाखू नाही, बोलणं नाही. दाढी वाढलेली, कारण न्हाव्याकडे जायचीही घाई नव्हती.

असं बसणारा एक तर वेडा, नाही तर पोचलेला.
राजूर पडलं गणपतीचं गाव. आमचं शेत पडलं देवळाच्या वाटेवर.
लोकांनी दुसरा पर्याय घेतला.

एका चतुर्थीला कुणा बाईनं पुढ्यात नारळ ठेवला. पुढच्या चतुर्थीला रांग होती. कुणाचा बैल हरवलेला, कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते. काका हात जोडून सांगायचे, मी महाराज न्हाई, मला जरा बसू द्या.
लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे. खरे महाराज असंच बोलतेत.

अशाच एका चतुर्थीला गोदावरीचे वडील दर्शनाला आले आणि जावई बघून जावं म्हणून शेतावर वळले.
जावयाच्या गळ्यात झेंडूचा हार. कपाळभर शेंदूर. पायाशी बाया.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते भाविक निघाले.
पायावर डोकं ठेवून म्हणाले, "माझी पोरगी तुमच्या वाटेत आडवी येणार न्हाई, महाराज. तुम्ही मोकळे."

"मामा, मला लगीन करायचंय."

"परीक्षा नका घेऊ," म्हणाले, आणि गेले.

काकांनी दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि कापसाच्या लॉरीत बसून धावडा गाठला. जन्मात केलेली तेवढी एकच घाई.

बातमी आधीच पोचली होती. अंगण सारवलेलं, पाट मांडलेला, शेजारपाजार जमलेला. काका बोलायला तोंड उघडायचे आणि कुणीतरी पाया पडायचं.
शेवटी आईनं गोदावरीला बाहेर आणलं.

"म्हणलं, हिला तरी कळंल," काका सांगत होते. "एकदा वर बघंल."

तिनं डोक्यावरून पदर घेतला, खाली बघतच पाया पडली आणि आत गेली.

काकाही निघाले.

तिला पुढे वडीगोद्रीला दिली. काकांनी दुसरी मुलगी बघितली नाही. त्यानंतर रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचे. घरातल्या कुणालाही पाया पडू द्यायचे नाहीत. दिवाळीला आम्ही पोरं वाकलो की पाय वर उचलून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, काकांना गुदगुल्या होतात.

मध्यंतरी मीही नोकरीला वैतागून त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हाच त्यांनी हे सगळं सांगितलं. मी म्हणालो, काका, तुम्ही बरोबर केलं, सुखी झालात. मीही सगळं सोडून इकडे येतो.

ते शेंगा फोडत होते. हात न थांबवता म्हणाले.

"सुखी काय. मला दोघांनी सावकाश जगायचं होतं रे. एकट्यानं सावकाश जगलं की दिवस सरत न्हाई. बिलकुल सरत न्हाई."

पुढची शेंग फोडून म्हणाले, "तू येतो म्हणतो तर ये. पण संगं बसायला कुणी हाय का, ते बघ आधी."

मी मोबाइल उघडून नावं चाळली.
मग बॅग उचलून परत गेलो.

काल सगळे त्यांच्या पाया पडले. मी नाही पडलो.
उचलेपर्यंत शेजारी बसून होतो.

या आता, काका.