सगळ्यायले म्हणजे बस

जगभर मेलेली लॅटिन भाषा समुद्रपूर तालुक्यात धडधाकट जिवंत आहे, आणि तिला माझ्या मैत्रिणीच्या मोठेबाबांनी, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावांनी, एकट्यानं जगवलं आहे. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली माणसं शेती बघतात, नाहीतर देवदेव करतात. हे मात्र इंग्रजी शब्दांची कुळं शोधत गावभर हिंडतात. जिममधून दंड फुगवून निघालेल्या पोरांना भर चौकात अडवतील. "काऊन रे, मसल म्हणजे लॅटिनात लहानसा उंदीर. किती पाळून राह्यले?" पोरं मुकाट्यानं बाह्या खाली ओढतात. दुकानात पेन मागायला गेले की दुकानदारच घाईघाईनं म्हणतो, "माहीत आहे मोठेबाबा, पेन म्हणजे पीस. घ्या अन् निघा!"

पण सगळ्यात लाडका शब्द 'बस'. गिरडच्या गाडीत ते चढले की कंडक्टर आधीच हात जोडतो. "अरे, मूळ शब्द ऑम्निबस. म्हणजे सगळ्यायले. त्यातलं 'सगळे' गळून पडलं, शेपूट तेवढं राह्यलं. बस म्हणजे नुसतं आपलं 'ले', पुस्तकातलं 'ना'!"

भरतीच्या परीक्षेच्या सकाळी मी फाट्यावर उभी होते. ही गाडी चुकली की वर्ध्याच्या केंद्राचं गेट बंद. गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. आतून एकच ओरडा, "चालू द्या, मागून दुसरी येते!" समतेवर मी ढीगभर पत्रकं वाचली आहेत, काही लिहिलीही आहेत, त्यातल्या एकाही वाक्यानं ती गाडी थांबली नसती. तेवढ्यात घंटी वाजली. गाडी थांबली. दोरीला मोठेबाबा लोंबकळत होते.

"बसचा अर्थ माहीत आहे का तुमाले? सगळ्यायले!"

"अर्थ ठेवा तुमच्यापाशी," एक बाई कडाडली. "इथं पाय ठेवायले जागा नाई. पोरीले माह्या डोक्यावर बसवता काय?"

मोठेबाबा थबकले. दुसऱ्याचा मुद्दा पटण्याची त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. "बरोबर आहे बाई तुमचं," म्हणाले आणि खाली उतरले. "चढ बेटा. चांगला लिहिजो पेपर."

त्या पेपरानं मला नोकरी दिली. पण परीक्षेच्याच संध्याकाळी मैत्रिणीकडून कळलं, की मोठेबाबांचा परगावी राहणारा मुलगा त्या दिवशी रेल्वेनं वर्ध्यावरून पुढे जाणार होता. उतरायला सवड नव्हती. स्टेशनवर गाडी थांबेल तेवढीच भेट. मोठेबाबा मागच्या बसनं पोचले, तेव्हा फलाट रिकामा होता.

मी धावत त्यांच्या घरी गेले. "सॉरी, मोठेबाबा," एवढंच बोलता आलं.

"तो शब्द लॅटिन नाई," ते म्हणाले. "आपल्या खात्यात येत नाई." मग चष्मा काढून, "ट्रेन आहे लॅटिन. ओढून नेते, म्हणून ट्रेन."

एवढं बोलून ते चष्मा पुसू लागले. कितीतरी वेळ पुसत राहिले.