बेसिनात गेलेलं दूध

"ओत ते बेसिनात."

सिस्टर म्हणली. माझ्या हातात स्टीलची वाटी. वाटीत माझं दूध. पिळून पिळून काढलेलं, तळ झाकंल एवढंच. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात, काचेच्या पेट्या असतात त्या खोलीच्या दारात मी उभी. आत माझ्या दोन पोरी. जुळ्या. दिवस भरायच्या लई आधी झालेल्या, ओंजळीत मावतील एवढ्या.

"बघतीस काय? विडी वळतीस न्हवं तू? तंबाखू उतरती दुधात. ओत, वाटी धू, आणि दारातनं मागं हो. वास मारतोय तुझा."

बाकड्यावर बसलेल्या दोघी बायकांनी पदर नाकाला लावला. मी ओतलं. नळ सोडला. वाटी धुतली.

तवा राग आला न्हाय. लाज आली. निपाणीत आमच्या गल्लीत पोरगी जरा मोठी झाली की तिच्या मांडीवर सूप येतं. सुपात पानं, तंबाखू, दोरा. मी तशीच वाढले, तशीच लग्न होऊन दुसऱ्या घरच्या सुपापाशी बसले. तंबाखू अंगात मुरती, रगतात जाती, असं आमच्यातल्या म्हाताऱ्या बी म्हणत्यात. म्हणून सिस्टरचं मला खरंच वाटलं. माझं दूध म्हंजे इख, जहरच, हे मी लगेच कबूल करून टाकलं.

सासू संगं हुती. आम्ही तिला आत्ती म्हणतो. तिला चिंच आणाय लावली आणि दवाखान्याच्या मागच्या नळावर हात घासत बसले. चिंचेनं घासले, राखेनं घासले. नखातला पिवळेपणा जाईना. सालपटं निघाय लागली.

"बाई गं, हात हाईत का भांडी ती?" आत्ती म्हणली.

तरी घासतच ऱ्हायले. वास गेला की मला आत घेतील, पोरगी छातीला लावू देतील, हा येडेपणा. दुसऱ्या आया आत जायच्या. त्यांच्या उघड्या छातीवर बाळ ठिवायचे, वरनं पांघरूण घालायचे. मी काचेतनं बघायची. माझ्या पोरींच्या नाकात नळी, नळीतनं पावडरचं दूध.

मग थोरलीचं पोट फुगलं. टम्म. कातडी निळी पडली. आतड्याला सूज आलीया म्हणले. आणि गेली. बारसं झालं न्हवतं, नाव न्हवतं. जी आधी आली ती थोरली, एवढंच म्हणत हुतो.

डॉक्टर बाहेर आले. माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणले, "एवढी लहान मुलं हाताला लागतातच असं नाही. आणि तुम्ही लोक पोटुशी बाई तंबाखूत बसवता, मग इथं येऊन रडता." नवरा मान खाली घालून ऐकत हुता. मी बी. अहो, हौस हुती व्हय आम्हाला तंबाखूत बसायची? ह्यातलं एक अक्षर तोंडातनं निघालं न्हाय. नवऱ्यानं तिला फडक्यात गुंडाळून गावाकडं नेलं, ओढ्याच्या काठाला पुरलं.

ती गेली त्या दिवशी मला दूध दाटून आलं. पोलकं भिजलं. मी वाटी घेतली, काढलं, बेसिनात ओतलं. कुणी सांगितलं बी न्हवतं. सवय झालती.

धाकटी अजून पेटीत हुती. पुढं एक नवी बाई आली. बंगल्यातली असावी, संगं माणसं लई. तिचंबी बाळ असंच चिमणीएवढं. तिला दूध येईना. तीच सिस्टर खुर्ची ओढून तिच्यापाशी बसली, पाठीवरनं हात फिरवाय लागली. कानडीतनं बोलत हुती.

"मॅडम, थेंबभर तरी बघा. या बाळांना आईचं दूध म्हणजे औषध. पावडरच्या दुधानं आतडी सुजतात, पोट फुगतं. आईच्या दुधानं तो धोका कमी होतो. एक थेंब आला तरी मला द्या, मी बाळाच्या ओठाला लावते."

मी तिथंच. भरलेली वाटी घेऊन, बेसिनाकडं निघालेली. सिस्टरला वाटलं मला कळत न्हाय. निपाणीच्या बाजारात जन्म गेला, कानडी मला कळत न्हाय?

वाटी मी छातीशी धरली. कारखान्यात चेकर आमच्या विड्या बघतो. नको त्या मोडून टाकतो, त्याला छाट म्हणत्यात. का टाकली, कुणी विचारायचं न्हाय. विचारलं तर उद्या पान-तंबाखू मिळायची न्हाय. म्हणून आम्ही मान खाली घालायला शिकलो. तीच मान घेऊन मी इथं आलते. विडी छाटली तशी माझी थोरली छाटली.

"सिस्टर, हे मी ओतणार न्हाय. धाकटीला घाला."

"डॉक्टर रागावतील."

"बोलवा त्यांना."

आले. मी विचारलं, "ह्या बाईंच्या बाळाला आईचं दूध औषध, मग माझ्या पोरीला इख कसं?"

"तू विडी..." डॉक्टर म्हणाय लागले.

"बाळंत झाल्यापासनं तंबाखूला हात लावला न्हाय. धुतलेली साडी नेसून येते. हात बघा, कातडी न्हाय ऱ्हायली. दूध ओताय तुम्ही सांगितलं व्हय?"

डॉक्टरांनी सिस्टरकडं बघितलं. सिस्टरनं भुईकडं.

"मी तसं सांगितलेलं नाही," डॉक्टर म्हणले. "हात धुऊन द्यायला हरकत नव्हती."

हरकत न्हवती! कुणाचा हुकूमच न्हवता. एका बाईला माझा वास आला, एवढंच.

"मग माझी थोरली?"

"ते वेगळं. आवाज वाढवू नकोस, हा दवाखाना आहे."

मी वाढवला. वाटी धाकटीच्या नळीत रिकामी हुईस्तवर तिथनं हालले न्हाय.

धाकटी जगली. एका डोळ्यानं कमी दिसतं, चालाय बी उशिरा लागली. नशीबवान म्हणत्यात तिला. थोरली माझ्या दुधानं वाचली असती का? कोण सांगणार. पण तिच्या वाटणीचं दूध तिला मिळू दिलं न्हाय, हे मला ठाऊक हाय, आणि त्या सिस्टरला बी.

मी अजून विड्या वळते. हाताला वास येतो, येऊ दे. गल्लीतली कुणी दिवस न भरता बाळंत झाली की मी सूप बाजूला ठिवून, आंघोळ करून तिच्यासंगं बेळगावला जाते. तिला म्हणते, मान वर कर आणि वाटी माझ्याकडं दे. मी बेसिनाच्या आडवी उभी ऱ्हाते. आता जो कुणी ओत म्हणंल, त्यानं आधी माझ्या थोरलीचं उत्तर द्यायचं. तवर एक थेंब सांडू देणार न्हाय.