शिट्टीचा दिवा

बन्सी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. राहुरीच्या स्टँडवर त्याने 'शिंगणापूर' म्हणून हाळी दिली की रसवंतीवर बसलेला माणूस अर्धा ग्लास टाकून उठायचा. निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न होता. तो बन्सीपेक्षा गल्लीला जास्त होता.

मग बन्सीने मीटर घेतलं. पिवळं, डिजिटल, लाल-काळ्या दोन वायरींचं. गाडीची घंटा बंद पडली की डेपोतला इलेक्ट्रिशियन असंच मीटर लावून दोन मिनिटांत दोष सांगायचा आणि वर बन्सीकडे असा बघायचा, की घंटा यानेच बिघडवली असावी. ते बघणं बन्सीच्या मनात घर करून राहिलं होतं.

पहिल्याच दिवशी त्याने लाल वायर करंट मोजायच्या भोकात तशीच ठेवली आणि भिंतीतल्या सॉकेटचे व्होल्ट मोजायला गेला. फट् झालं, घरातली लाइट गेली आणि बाहेरच्या खोलीतलं सॉकेट कायमचं काळं पडलं. असं करू नका, हे मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगितलेलं होतं, पण शेवटाला. तिथपर्यंत थांबायला बन्सीला सवड कुठली.

पुढे मात्र तो रीतसर शिकला. जळका स्टॅबिलायझर, मुका टेपरेकॉर्डर, वायर तुटलेले चार्जर लोक आपणहून आणून देऊ लागले. लोकांना अडगळ घालवायची होती, बन्सीला विद्या हवी होती. अडचण फक्त बायकोची, मनकर्णाची. शनिवारी घरात लोखंड घ्यायचं नाही, हा तिचा नियम, आणि सुनील भंगारवाला जुने पार्ट घेऊन नेमका शनिवारीच यायचा. म्हणून सर्किट शनिवारी आत यायचं आणि ट्रान्सफॉर्मर रात्रभर अंगणात पाटीखाली राहून रविवारी आत यायचा. शनिदेवाने या व्यवस्थेला हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता धड सॉकेट स्वयंपाकघरातच उरलं होतं, तेव्हा बन्सीचं कामाचं टेबलही तिथेच आलं. वायर आतून अखंड असली की मीटर बीप वाजवतं. एकदा ते अडकून वाजतच राहिलं. मनकर्णा हातभर अंतरावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. बन्सीने मुद्दाम आणखी वाजवलं. तिने एक खडा बाजूला काढला. बन्सीने मीटर बंद केलं आणि मुलाला फोन लावला.

पुण्याहून मुलगा ओंकार आला, आईला नगरला डॉक्टरकडे नेलं, कानाचं मशीन आणलं. मनकर्णाने ते दोन दिवस लावलं आणि डब्यात ठेवून दिलं. "त्यात भांडीच लई वाजत्यात, मानसं न्हाई. आन् मला चांगलं ऐकू येतंय," ती म्हणाली. तोंडाकडे बघून ती बोलणं ओळखायची, त्यामुळे कुणाला खोडूनही काढता येईना.

मग कुकर जळाला. बन्सी दळण आणायला गेला होता. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, पाणी आटलं, डाळीचा कोळसा झाला आणि व्हॉल्व्ह उडून छताला पिवळा डाग पडला. शेजारच्या बायडाबाईने ओंकारला फोन करून शेजारधर्म पाळला.

"अण्णा, मी रविवारी येतो," ओंकार म्हणाला. "एकतर तुम्ही दोघं घर बंद करून माझ्याकडे चला, नाहीतर आईचं गॅसजवळ जाणं बंद."

बन्सीने हे मनकर्णाला समोर बसून, सावकाश सांगितलं. ती उठली. तो काळा कुकर घेऊन मोरीत बसली आणि तासभर घासत राहिली. बन्सीला ते बघवेना.

त्याने टेपरेकॉर्डरमधला माइक काढला, स्टॅबिलायझरमधला रिले काढला, दोन ट्रान्झिस्टर जोडले, माइकचा कान कमी-जास्त करायला एक बारका स्क्रू बसवला. शिट्टी झाली की माइकने ऐकायचं, रिलेने टक् करायचं आणि गॅसच्या वर लाल झिरोचा बल्ब लागायचा, एवढीच मागणी होती. तीन दिवस बल्ब ढिम्म लागला नाही. चौथ्या दिवशी मीटरने ट्रान्झिस्टरचे पाय तपासले, तर एक उलटा बसलेला. तो सरळ केला आणि दिवा लागला.

रविवारी ओंकार आला आणि हाताची घडी घालून स्वयंपाकघरात उभा राहिला. मनकर्णाने कुकर चढवला. शिट्टी, दिवा. शिट्टी, दिवा. तिसऱ्या दिव्याला तिने गॅस बंद केला आणि मुलाकडे बघितलं. ओंकारने हाताची घडी सोडली.

तेवढ्यात दिवा पुन्हा लागला. कुकर तर गप्प होता.

"बघा, फॉल्ट आहे," ओंकार म्हणाला. तो हळू बोलणारा, त्याच्या आवाजाला दिवा लागला नाही.

बन्सी टेबलावर मान खाली घालून वायरी बघत होता. मनकर्णाने दिव्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तुमी बोलला का काई?"

बन्सीने मान वर केली. "मगाशी म्हनलं, भात मोकळा झाला आसंल. का गं?"

"आसं रोज बोलता?"

"मग? दिवसभर बोलतोय की."

मनकर्णा ओट्याला टेकली. "मला वाटलं, मीटर आनल्यापासनं तुमी माज्याशी बोलायचंच सोडलं. सदा मान खाली. म्हनलं, बहिरीसंगं कोन डोकं लावंल."

बहिरी हा शब्द तिने स्वतःला आजवर लावला नव्हता. एकतीस वर्षं भरल्या गाडीला ऐकू जाईल असा बोललेला माणूस मीटर आल्यापासून आठ महिने या बाईशी बोलतच नव्हता, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"अण्णा, तो बारका स्क्रू थोडा कमी करा," ओंकार म्हणाला. "मग फक्त शिट्टीलाच लागेल."

बन्सीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला, स्क्रूवर ठेवला आणि फिरवला. कमी नाही, जास्त. मग तो उठला, मनकर्णाच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जेवायला वाढती का?"

दिवा लागला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं, ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"बसा," ती म्हणाली.

ओंकार संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला, एकटाच.