जित्या झाडांचे फोटो

दादाचा फोन आला तेव्हा मी परळीच्या घरी अंगणातल्या लिंबावर पाईपने पाणी मारत होतो. आमच्या परळीत झाडाच्या मुळाशी पाणी घालून भागत नाही, पानांवरची वीजकेंद्राची राखही धुवावी लागते. "तुझी वहिनी गेली रे," दादा म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ... माझं काही चुकलं नाही. आमची वहिनी सदोदित कुठेतरी गेलेलीच असायची. बीडला घरी जावं, तर दादा दुकानातून ओरडून सांगणार, "वहिनी बनात गेलीय, डोंगराकडं गेलीय, तू बस, चहा तूच टाक." त्यामुळे तोंडातून आलं ते सवयीनं आलं. मग दादा म्हणाला, "अरे, गेली म्हणतोय ना..." आणि मला कळलं. रात्री जेवून झोपली होती, सकाळी उठलीच नाही. ना कुरकुर, ना दवाखाना. कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली तशीच होती.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे बहुतेक जण एकच वाक्य बोलून गेले, "वहिनींना छंद मोठा छान होता हो." मी मान हलवायचो आणि आतून चिडायचो. छंद म्हणजे तिकिटं जमवणं, मोगऱ्याच्या कुंड्या लावणं. आमच्या वहिनीनं जे केलं त्याला छंद म्हणणं म्हणजे ऊसतोडीला व्यायाम म्हणण्यासारखं आहे. म्हणून हे लिहितोय.

दादाचा बीडला फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं हे दादाचं खातं, आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर हे वहिनीचं. तिच्याकडे मुख्यतः एकच काम यायचं. कुणाच्या घरी माणूस गेलं की मुलगा नाहीतर जावई एखादा लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचा आणि गर्दीतल्या एका डोक्यावर बोट ठेवायचा, "हे आमचे आबा. एवढे मोठे करून द्या." वहिनी त्या आबांना गर्दीतून उचलायची, मागचा मंडप पुसायची, फेट्यावरचा गुलाल पुसायची आणि शेवटी रंग काढून टाकायची. आमच्याकडे काळापांढरा फोटो म्हणजे मयताचा फोटो. जित्या माणसाचा रंगीत, मेलेल्याचा काळापांढरा, त्याला हार. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही नाही. वर्षानुवर्षं वहिनीनं शेकडो चेहऱ्यांचे रंग काढले. एकदा मी मागे उभा राहून बघत होतो, तर म्हणाली, "भावजी, गंमत बगा. रंग काढला की माणूस दिसाय लागतंय. तवर नुसता शर्ट दिसत व्हता."

दादानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना डिजिटल कॅमेरा कपाटात पडला. तो वहिनीनं उचलला आणि थेट आमच्या गावच्या बनात गेली. गाव बालाघाटच्या पायथ्याला. गावाबाहेर चढावर बनाई नावाची देवी आहे आणि तिच्याभोवती एवढंसं जंगल. धावडा, सालई, अंजन, पळस, मध्येच दोन जुन्या चिंचा. बाहेरच्याला ते जंगल वाटणार नाही, "बीडला कुठं आलंय जंगल बे?" असं माझेच मित्र विचारायचे. उन्हाळ्यात तर नुसत्या काड्या. पण वहिनीला त्या काड्याच हव्या होत्या. धावड्याचं खोड पांढरं, गुळगुळीत. सालईची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली. ती कॅमेरा काळ्यापांढऱ्यावर ठेवायची, म्हणजे मागच्या पडद्यावर रंग दिसतच नसे. मी चिडवायचो, "वहिनी, एवढ्या लांब कावून जाता? परळीला या, तिथं राखेनं झाडं आपोआप काळीपांढरी हायत." ती हसायची, पण कामात हयगय नाही. जंगलाचा फोटो काढणं सोपं नसतं, हे तिच्यामागे कॅमेऱ्याची तिपाई वाहून मला कळलं. एका झाडात दुसरं घुसतं, फांद्यांचा गुंता होतो, आणि आपण डोळ्यांनी जे बघितलं ते फोटोत सापडत नाही. वहिनी हात मागे बांधून झाडासमोर उभी राहायची, दोन पावलं डावीकडे, मग परत उजवीकडे. मार्गशीर्षात सकाळी ओढ्याकडून धुकं चढतं तेव्हा मागची झाडं फिकी होतात आणि पुढचं एकटं उभं राहतं. त्या धुक्यासाठी ती वर्षभर थांबायची. घरी आल्यावर दुसरं काम. कॅमेऱ्याच्या कच्च्या, 'रॉ' फाईलमध्ये रंग शाबूत असतो, तो फक्त बाजूला ठेवलेला असतो. मग हिरव्याचा पांढरा किती करायचा, लाल मातीचा काळा किती, हे बसून ठरवावं लागतं. एका झाडापायी तिचा अख्खा दिवस जायचा.

आणि मग गावात सभामंडपाचं निघालं. कुणा पुढाऱ्यानं निधी आणला, बनाईपुढे सिमेंटचा मोठा मंडप, गाड्या लावायला फरशी. त्यासाठी निम्म्याहून जास्त बन जाणार. आमच्या गावात बनातली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीत घालत नाही. वादळात एखादं झाड उन्मळून पडलं, तर त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक धरतात. पण देवीचंच काम म्हटल्यावर देवीची झाडं तोडायला हरकत नाही, असा सोयीचा अर्थ गावानं काढला. वहिनी ग्रामसभेत उभी राहिली, बोलली, तर लोक म्हणाले, "तुमी बीडच्या. तुमाला काय फरक पडतंय?" सासर याच गावात असून ती बीडची! ती गप्प बसली नाही. चैत्रात यात्रेच्या दिवशी भूमिपूजन होतं. तिनं सरपंचांना विचारलं, "त्याच्या आधी मारुतीच्या देवळात बनातल्या झाडांचे फोटो लावू का? जे जाणार हाय ते लोकांनी एकदा डोळे भरून बगू द्या." सरपंच मोकळ्या मनाने म्हणाले, "लावा की वहिनी. फोटोनं काय व्हतंय!"

मारुतीच्या ओसरीत तिनं एका ओळीत फोटो लावले. मोठे, फ्रेम केलेले, प्रत्येकात एक झाड. दोन दिवस लोक येऊन बघून गेले, "ब्येस हायत" म्हणाले, बस. तिसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याकडून परतली. निम्मं गाव दसऱ्यानंतर जातं ते चैत्राच्या तोंडावर येतं. बन तोडायचं चाललंय, एवढं त्यांनी तिकडे फोनवर ऐकलं होतं. ट्रक मारुतीपुढे थांबला. गयाबाई, आमच्या आळीतली म्हातारी, डोक्यावरचं गाठोडं उतरवून मारुतीच्या पाया पडायला ओसरीत शिरली आणि समोर काळेपांढरे फोटो... ओळीने... फ्रेममध्ये. तिनं जो हंबरडा फोडला तो मी आजवर विसरलो नाही. "आरं कवा तोडली रे? आमी न्हवतो म्हणून तोडली व्हय? ही तर माझ्या पाळण्याची चिंच..." मागून सगळ्या बाया आल्या, सगळ्या रडायला लागल्या. कुणीतरी मारुतीपुढचे रुईचे हार काढून फोटोंना घातले. ज्यांनी दोन दिवस "ब्येस हायत" म्हटलं होतं ते गाववालेसुद्धा हार घातलेले फोटो बघून चपापले. बायांनी निरोप धाडले, आज चूल पेटवायची नाही.

सरपंच धावत आले. त्या दिवशी जो माणूस सर्वांत मोठ्यानं ओरडत होता, "आगं माय, झाडं जित्ती हायत! जित्ती हायत! चला, दावतो!", तोच ती तोडणार होता. ट्रकमधली सगळी माणसं, बायका, आम्ही, पुढे सरपंच असे बनात गेलो. झाडं उभी. गयाबाईनं चिंचेच्या खोडाला तळवा लावला आणि किती वेळ काढलाच नाही. मग वळून सरपंचांना म्हणाली, "जित्ती हायत, तर मग फोटो कावून लावला?" सरपंचांनी वहिनीकडे बघितलं. तिला हे नको होतं, तिनं हे मनातही आणलं नव्हतं.

पुढचं गुरवानं मिटवलं. तो म्हणाला, "हार पडले, गाव रडलं, चुली बंद ऱ्हायल्या. आता सुतक न्हाई म्हणायचं कोणच्या तोंडानं? सुतकात भूमिपूजन व्हत न्हाई." भूमिपूजनाच्या दिवशी पुढाऱ्याची गाडी वेशीवरूनच माघारी गेली. सुतक फिटेस्तोवर यात्रा उलटली, मुहूर्त गेला आणि त्या वर्षीचा निधी दुसऱ्या गावाला लागला. गाडी माघारी गेली त्या रात्री आमच्या घरी दादा आणि मी पोट धरून हसलो. वहिनी मात्र ताट सारून बसली होती. "हसू नगा भावजी," ती म्हणाली. "झाडं चुकून वाचली. चुकून वाचलेलं पुन्ना चुकून जाईल. मला त्यांना मेलेली झाडं न्हवती दावायची... जित्ती दावायची व्हती."

तेव्हापासून वहिनीनं दरवर्षी चैत्रात मारुतीत फोटो लावले. त्याच झाडांचे, नवे. बाया बोटं मोडायच्या, गयाबाई तर तोंडावर म्हणाली, "कावून असलं अभद्र काम करतीस गं? रंगीत काढ की." वहिनीनं वाद घातला नाही. तिला हाताला धरून चिंचेखाली नेलं, उभं केलं, तिचाच फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. गयाबाई दचकली, "मी मेले व्हय?" वहिनी म्हणाली, "डोळे बगा तुमचे. मेलेल्याचे असे असतेत का?" म्हातारीनं कॅमेरा नाकाला टेकवून बघितला. मग बराच वेळ स्वतःशीच हसत राहिली. तो फोटो तिनं मोठा करून घेतला आणि घरात भिंतीला लावला. मुलगा कामावर जाताना तो भिंतीकडे तोंड करून फिरवायचा, अपशकुन म्हणून. तो गेला की म्हातारी परत सरळ करायची. असं कित्येक महिने चाललं. शेवटी मुलगा थकला.

माणूस गेल्यावर सगळे म्हणतात, तिचं काम पुढे न्यायला हवं, आणि चहा पिऊन घरी जातात. मला तसं करता येणार नाही, कारण निधी परत आलाय. यंदाच्या यात्रेला पुन्हा भूमिपूजन ठरलंय. म्हणून गेले कित्येक दिवस मी परळीहून बीडला येऊन राहिलोय आणि दादा नि मी मागच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरपुढे बसतोय. खोलीत अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास आहे. तिनं गेल्या मार्गशीर्षात काढलेली झाडं तशीच आहेत, रंगातली, हात न लावलेली. दादाचा सगळा जन्म लग्नाच्या शालू-पैठण्यांत गेला. पहिल्याच झाडाची त्यानं अशी गत केली की पानं कोळशासारखी दिसायला लागली. "मला न्हाई जमत," म्हणाला, डोळे भरून आले त्याचे. "रंगीतच लावू." मी म्हटलं, नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची खोड मेल्यावर आमच्या मानगुटीवर बसलीय आणि मी ती उतरवणार नाही. आम्ही खराब केलं, पुसलं, पुन्हा केलं. आता धावडे बरे येतात. चिंच अजून साधत नाही.

काल दुपारी मी गयाबाईला फोन लावला. गुडघ्यांमुळे ती यंदा तोडीला गेलेली नाही. माझ्या मनात जुनाच डाव होता, तो मी तिला सरळ सांगितला, "फोटो आणतोय. मागल्यासारखे हार तयार ठेवा."

"हार?" म्हातारी खेकसली. "जित्या झाडाला हार घालतेत व्हय रे? कुणी घालाय आलं तर हात मोडीन त्याचा."

"आवो पण हार न्हाई तर सुतक न्हाई. सुतक न्हाई तर भूमिपूजन कसं थांबंल?"



"आमी थांबवू," ती म्हणाली. "सुतकाचं नाव कावून सांगायचं? तोडायचं न्हाई म्हंजी न्हाई, असं तोंडावर सांगू. आमी समद्या बाया फोटोखाली बसतो. तू फकस्त फोटो आण. आन् उषीसारखेच आण, रंगीत नगं."

उषी म्हणजे आमची वहिनी. मी फोन ठेवला. दादानं विचारलं, "काय म्हणली?" मी सांगितलं. त्यानं चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि चिंचेची फाईल पुन्हा उघडली.