टोरंटो किती भरत्या?

हिरूमावशी अंतर किलोमीटरमध्ये कधी मोजत नसत. उरणच्या खाडीकाठच्या त्या कोळीण. आमच्या सुकापूरच्या इमारतीत मासे घेऊन यायच्या. उशिराबद्दल मी कुरकुरले की म्हणायच्या, “पाव भरती रस्त्यातच गेली गो बाय.” एका भरतीपासून दुसरीपर्यंत बारा-साडेबारा तास, हे त्यांचं माप. मुंबईही त्यांच्या लेखी भरतीतच मोजली जायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा गणेश वेल्डर म्हणून टोरंटोला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पाटी उतरवून थेट माझ्या कॉम्प्युटरसमोर उभ्या राहिल्या. मी दोन्ही शहरांची नावं टाकली आणि ऐटीत सांगितलं, साडेबारा हजार किलोमीटर, विमानानं पंधरा तास. किलोमीटर त्यांनी हातानंच उडवून लावले. मग मीच हिशेब करून दिला, एक भरती आणि वर थोडी. बाईंचा चेहरा असा काही खुलला, की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

तेव्हापासून कुणी “पोरगा फार लांब गेला हो” म्हटलं, की त्या फणकारायच्या. माजा गणेश एका भरतीवर हाय, लांब कसला? वॉचमनपासून चौथ्या मजल्यावरच्या आजींपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

दोन वर्षांनी ऐन मे महिन्यात सकाळी त्यांचे यजमान गेले. मी उरणला पोचले तेव्हा अंगणात बर्फाच्या लाद्यांवर त्यांना ठेवलं होतं. भावकी खोळंबलेली. मावशी मात्र शांत होत्या. पोरगा निघालाय, रात्रीच्या भरतीला येतो, बापाचं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. त्यांचे दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, खरं काय ते गणेशला तुम्हीच विचारा.

मी गणेशला फोन लावला. तिथून विमान तिथल्या रात्री, म्हणजे आपल्या उद्याच्या सकाळी सुटणार होतं, मध्ये दुसरं विमान, त्यासाठी आठ तास ताटकळणं. घरी पोचायला परवाची सकाळ. माझे पंधरा तास म्हणजे नकाशावरच्या सरळ रेघेचे होते, तसं विमान जातच नव्हतं. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशींजवळ बसून मी सगळं सांगितलं. चार भरत्या लागतील, मावशी. चूक माझी.

त्यांनी यजमानांच्या कपाळावरून हात फिरवला. मग दिरांना म्हणाल्या, “उचला. सारा जलम आमी मासली बर्फात ठेवली. मानसाला नको.” गणेशला कळवायला सांगितलं, की धावपळ करू नको, जेवूनखाऊन ये.

मी रडायला लागले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

“तुजा काय दोष नाय गो बाय. तू पोरगा जवल हाय सांगितलंस, म्हणून दोन वर्सं मी निजले.”