आबांचे दोन शब्द

मांडवगण फराटा गावच्या मारुतरावांसमोर माईक आला की त्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा. टोपी सरळ झाली, घसा खाकरला, की ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं, आता अर्धा तास गेला. लग्नात ते कधी बोलले नाहीत, प्रचारात तर नाहीच. त्यांचं मैदान एकच, दशक्रिया विधी. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. दोन्ही काठांवर कुणीही गेलं की दहाव्याला घाटावर मारुतआबांची श्रद्धांजली ठरलेली. कावळा एखाद्या वेळी उशीर करील, आबा नाही. जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरलेल्या माणसाला ते बेधडक 'शेजारधर्म जपणारा' करून टाकत. ज्याच्याशी भावकीतलं कुणी बोलत नव्हतं, तो 'मनमिळाऊ' होऊन जाई. राहू गावच्या एका म्हातारीला ही भाषणं इतकी आवडायची, की तिनं स्वतःवरचं भाषण जितेपणीच ऐकवायची गळ घातली.

"तसं जमत न्हाई मावशी," आबा गंभीरपणे म्हणाले. "आधी जावं लागतंय."

घरात मात्र हा माणूस मुका. तोंडावर कौतुक केलं की माणूस शेफारतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. पत्नी झुंबरबाईंच्या हातच्या भाकरीला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही. एक भाकरी जास्त खायची, एवढीच काय ती दाद.

त्यांची नात सायली शिरूरच्या लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. वर्ष संपताना तिथं मुलांचं स्नेहभोजन असतं. निरोप घेणारा प्रत्येक विद्यार्थी भाषण करतो, मग त्याच्या घरचं एक मोठं माणूस त्याच्याबद्दल दोन शब्द बोलतं आणि सगळे झाले की पंगत बसते. सायलीचे वडील रांजणगावच्या कंपनीत पाळीवर असणार होते. ती गोठ्यात आबांपुढे जाऊन उभी राहिली.

"आबा, तुम्हीच बोलायचं. कारखान्याच्या, पुढाऱ्यांच्या गोष्टी नकोत. माझ्याबद्दल बोला. अख्ख्या तालुक्याबद्दल चांगलं बोललात, माझ्याबद्दल मला येकदा ऐकायचंय."

"बोलू की. त्यात काय हाय?" आबा म्हणाले आणि तिथंच अडकले.

पुढचे काही दिवस म्हशीला वैरण टाकता टाकता त्यांनी सराव करून पाहिला. 'सायली ही...' इथवर गाडी यायची आणि थांबायची. गेलेल्या माणसाबद्दल शब्द कसे रांगेनं यायचे. ही पोरगी तर समोर बसून टकामका बघणार होती. एक शब्द खोटा निघाला तर लगेच पकडणार होती, वकीलच ती. आबांना आयुष्यात पहिल्यांदा भाषणाची भीती वाटली.

कार्यक्रम शिरूरच्या एका मंगल कार्यालयात होता. आत मासवडीच्या रश्शाचा घमघमाट सुटलेला आणि बाहेर भाषणं चाललेली, म्हणजे ऐकणाऱ्यांची परीक्षाच. तरी मुलं छान बोलली. सायली तर धीटपणे बोलली. पहिल्या वर्षी वर्गात उभं राहिलं की पाय कसे लटपटायचे, हे तिनं हसत हसत सांगितलं. शेवटी म्हणाली, "आता माझे आबा बोलतील. त्यांचं भाषण ऐकायला गावोगावची माणसं येतात. मी मात्र आज पहिल्यांदाच ऐकणार आहे."

आबांचे कान तापले.

"आवं, उठा की," झुंबरबाईंनी कोपरानं ढोसलं.

आबा माईकपाशी गेले. टोपी सरळ केली. समोर माणसं ओळीनं बसलेली, सगळ्यांचे चेहरे भुकेनं गंभीर झालेले. तसे चेहरे पाहिले आणि आबांची जीभ सवयीच्या रस्त्याला लागली.

"उपस्थित मान्यवर, बंधू आणि भगिनींनो. सायली म्हणजे अतिशय मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीचं व्यक्तिमत्त्व. तिच्या जाण्यानं या कॉलेजची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे."

प्राचार्यांनी मान डोलवली. पोरगी कॉलेज सोडून चाललीच होती, तेव्हा त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. झुंबरबाईंनी मात्र तोंडाला पदर लावला.

"घरच्यांना हे दुःख सहन करण्याची ताकद मिळो. आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं."

आणि अख्खं कार्यालय उभं राहिलं. सगळी खेड्यापाड्यांतली माणसं, असं कानावर आलं की पाय आपसूक सरळ होतात. प्राचार्य उठले, वाढपी हातातली बादली खाली ठेवून उभा राहिला.

त्या शांततेत आबांना आपण काय केलं ते कळलं. समोर पहिल्या रांगेत सायली, डोक्याला हात लावून उभी. हसत होती, पण डोळे भरले होते. एवढं एकच तर मागितलं होतं तिनं. आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"चुकलं," ते माईकमध्ये म्हणाले. "मला जित्या माणसाचं चांगलं बोलायची सवं न्हाई. ही पोरगी पहाटंच्या यष्टीला जायाची. फाट्यापर्यंत अंधार, कुत्री मोकाट. हिला कुत्र्यांचं लई भ्या. मी बॅटरी न लावता मागं मागं चालायचो, हिला कळू न देता. कुत्रं भुंकलं की ही जागीच थांबायची, थरथरायची. आता माघारी फिरंल, आसं मला वाटायचं. पन येक दिस बी फिरली न्हाई. आन् घरी येऊन कुनाला सांगितलं बी न्हाई. म्या लई मोठ्या मोठ्यांना धाडशी म्हनलोय. ते हिच्यापुढं काय बी न्हाईत."

कुणी बसलं नव्हतं. बसा म्हणायचं आबांच्या लक्षातच आलं नव्हतं. तशी उभ्यानंच सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, वाढपीसुद्धा.

सायली धावत माईकपाशी आली. रडत आणि भांडत एकदमच म्हणाली, "मग येवढी वर्षं घरी का न्हाई सांगितलं, आबा?"

"घरी माईक कुठं आसतोय?" आबा बोलून गेले.

कार्यालय हसून लोटपोट झालं. आबा हसले नाहीत. त्यांनी माईक बाजूला सारला, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल याची फिकीर न करता म्हणाले, "लई गुनाची हायेस गं पोरी."